भंडाऱ्याचे पितळ, कल्हई आणि किलेशन उपचार : धातुविषाच्या सामाजिक इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

भंडारा शहर 'पितळ नगरी' म्हणून ओळखले जाते. शहराच्या नावाचा संबंध 'भाणे' म्हणजे पितळी ताट या शब्दाशी जोडणारी एक व्युत्पत्तीही सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. परंतु या शहराची आर्थिक व सांस्कृतिक ओळख पितळेभोवती घडली, हे निर्विवाद आहे. येथील कारागिरांनी घडविलेले गुंड, घागरी, गंज व लोटे विदर्भातील घराघरांत पोहोचले. या उद्योगाचा विचार बहुधा हस्तकला व व्यापार या दृष्टीने केला जातो. भांड्यातील धातू आणि माणसाचे शरीर यांच्या संबंधाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. शरीरात साचलेला विषारी धातू औषधाने बाहेर काढण्याच्या आधुनिक पद्धतीस 'किलेशन उपचार' म्हणतात. ही पद्धत आणि आपल्याकडील कल्हईची परंपरा यांचा परस्परसंबंध तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

कल्हई : प्रतिबंधाचे लोकशास्त्र

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. ताक, चिंच, आमसूल यांसारखा आंबट पदार्थ पितळेच्या उघड्या पृष्ठभागावर राहिला की त्यात तांबे उतरते, चव बिघडते आणि पदार्थावर हिरवट छटा येते. मराठीत यासाठी 'कळकणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. एखाद्या भाषेत अशा क्रियेसाठी खास शब्द घडतो, तेव्हा त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असते. 'ताक कळकले, टाकून दे' या साध्या वाक्यात विषविज्ञानाचा एक नियमच सांगितलेला आहे.

या अनुभवातून निघालेला उपाय म्हणजे कल्हई. राख व वाळूने घासलेले भांडे कोळशाच्या भट्टीवर तापवावयाचे, भात्याने विस्तव फुलवावयाचा, नवसागर टाकून पृष्ठभाग निर्मळ करावयाचा आणि कथील लावून ते कापसाने आतून सर्वत्र फिरवावयाचे, अशी ही कृती आहे. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने साध्या भट्टीवर हे काम होते. कथिलाचा पातळ थर अन्न व पितळ यांच्यामध्ये उभा राहतो. हा थर वापराने झिजतो, म्हणून कल्हईवाल्याची फेरी ही सणासारखी नियमित असे. कथिलात शिशाची भेसळ असल्यास मात्र हाच उपाय अपायकारक ठरतो, ही या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

किलेशनचा उगम : युद्धभूमीवरून रुग्णालयाकडे

'किलेशन' हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून १९२० मध्ये मॉर्गन व ड्र्यू या रसायनशास्त्रज्ञांनी रूढ केला. औषधाचा रेणू धातूच्या कणाला नांगीप्रमाणे दोन्ही बाजूंनी पकडतो आणि तयार झालेला संयुक्त पदार्थ प्रामुख्याने मूत्रावाटे बाहेर पडतो. या तत्त्वाचा वैद्यकीय उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बाल' हे औषध शोधले; त्याची माहिती १९४५ मध्ये जाहीररीत्या प्रसिद्ध झाली. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी शिशाच्या विषबाधेवर 'ईडीटीए'चे कॅल्शियमयुक्त रूप वापरात आले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी विल्सन रोगात, म्हणजे तांबे शरीरात साचणाऱ्या आनुवंशिक विकारात, पेनिसिलामाइन उपयुक्त असल्याचे दाखविले. महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट संबंध येतो तो या शेवटच्या औषधाचा.

पुण्यातील संशोधन : दूध, पितळ आणि बालकांचे यकृत

भारतातील लहान मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक यकृतविकाराची नोंद १८८७ मध्ये कलकत्त्यात सेन यांनी केली होती. पुढे हा विकार 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' या नावाने ओळखला गेला. साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाची बालके त्यास बळी पडत. एकाच कुटुंबात अनेक अपत्ये दगावल्याची उदाहरणे आढळत. अशा घरात त्याचे खापर नशिबावर फुटत असे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अत्यंत वाढलेले असल्याचे दिसून आले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या आहाराचा शोध घेतला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने तांबे मिसळलेल्या जनावराच्या दुधाकडे लक्ष वेधले. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या भांड्यात तापविले वा साठविले जात होते. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून दूध आंबट नसतानाही त्यात तांबे उतरते आणि चवीने ते ओळखता येत नाही. परंपरेचे ज्ञान येथे अपुरे पडले. ताक कळकल्याचे जिभेला कळत होते, दुधाचे कळत नव्हते.

१९८७ मध्ये याच गटाने पेनिसिलामाइनच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगाच्या प्रारंभी औषध मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, परंतु विकार पुढे गेल्यावर फारसा उपयोग होत नाही, असे दिसले. केवळ तांबे हेच कारण की त्यास आनुवंशिक प्रवृत्तीचीही जोड, याविषयी संशोधकांत मतभेद राहिले. तथापि स्टील व ॲल्युमिनियमची भांडी रूढ झाल्यानंतर हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके दगावल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही तांब्याच्या भांड्यांचा वापर थांबल्यावर रोग ओसरला. औषधाने काही मुले वाचविली; रोग मात्र भांडी बदलल्याने गेला.

तुमसरची खाण : उपचाराची मर्यादा

हाच धडा जिल्ह्यातील दुसऱ्या धातूच्या संदर्भातही मिळतो. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या व १९७७ मध्ये पूर्णतः सरकारी मालकीच्या झालेल्या 'मॉइल' कंपनीकडे त्या आहेत. मॅंगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेचा विकार जडतो, हे ग्लासगोच्या कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदविले होते. ईडीटीएने शरीरातील मॅंगनीज घटविता येते. परंतु मज्जापेशींची एकदा झालेली हानी सहसा भरून येत नाही. म्हणून खाणकामगाराचे खरे संरक्षण ओल्या पद्धतीने केलेले छिद्रण, धूळनियंत्रण व नियमित तपासणी यांतच आहे.

वर्तमान संदर्भ

किलेशनच्या नावाने आज शरीरशुद्धीचे अनेक दावे केले जातात. विषबाधा सिद्ध झालेली नसताना हा उपचार घेणे धोक्याचे आहे. ही औषधे आवश्यक खनिजेही बाहेर नेतात आणि मूत्रपिंडास इजा करू शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेवरील उपाय म्हणून ईडीटीएचे चुकीचे रूप दिल्याने रक्तातील कॅल्शियम घटून एका बालकाचा मृत्यू झाला. हृदयविकारावर हा उपचार लाभदायक असल्याची आशा २०१३ मधील एका मोठ्या चाचणीने निर्माण केली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र ती सिद्ध झाली नाही.

दुसरीकडे, आरोग्यदायी म्हणून तांब्यापितळेची भांडी स्वयंपाकघरात परतत आहेत. भंडाऱ्याच्या कारागिरांच्या दृष्टीने ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु भांडे परतले आणि कल्हईवाला परतला नाही, तर आपण परंपरेचा अर्धाच भाग स्वीकारल्यासारखे होईल.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कल्हई व किलेशन ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. कल्हई धातूला शरीराबाहेर रोखते, तर किलेशन आत गेलेल्या धातूस बाहेर काढते. दुसरे उत्तर अनमोल असले तरी ते उशिराचे, जोखमीचे आणि अपुरे आहे. सबब पितळ उद्योगास प्रोत्साहन देताना शिसेविरहित कथिलाची उपलब्धता, कल्हईच्या कौशल्याचे प्रशिक्षण आणि बालकांचे दूध पितळेत न तापविण्याविषयी लोकशिक्षण यांचा त्यात समावेश व्हावा. ज्या शहराने घरोघरी पितळ पोहोचविले, त्याने त्यासोबतची सावधगिरीही पोहोचविणे उचित ठरेल.