खोकल्याचे दिवस

दिवाळी आणि खोकला यांचे नाते फराळाच्या ताटाइतकेच जुने असावे. पहाटेचे अभ्यंगस्नान, अंगणातला फटाक्यांचा धूर आणि तळणीजवळ उभे राहून घेतलेली चव, एवढी सामग्री जमल्यावर त्याला निराळे आमंत्रण कशाला लागते? आमच्या परभणीकडे याच सुमारास कापसाची वेचणी चालू असते, ज्वारीची पेरणी आटोपत आलेली असते आणि पहाटेचा गारठा एकाएकी वाढतो. ताप दोन दिवसांत जातो, नाक आठवड्यात मोकळे होते. पण छातीतला खोकला मात्र, लग्न आटोपले तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. रात्री दिवे मालवले की त्याला विशेष कंठ फुटतो.

या पाहुण्याला वाटेला लावण्यासाठी आपल्या मुलखाने काय काय केले, तो इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि शेवटी थोडा गंभीरही.

चरकसंहितेने खोकल्याचे पाच प्रकार सांगितले. वात, पित्त आणि कफ यांचे तीन, छातीला इजा झाल्याने होणारा चौथा आणि क्षयाचा पाचवा. हा पाचवा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे. घरोघर ठाऊक असलेले सितोपलादी चूर्ण याच परंपरेतले. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक. दर पायरीला निम्मे! वैद्याने कृती सांगितली की पाढा, असा प्रश्न पडावा.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळे दाखवताना आपण त्यांना हेमाडपंती म्हणतो. ज्याच्या नावावर ही शैली चढली, तो देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, हे मात्र आपल्याला सहसा आठवत नाही. देवळांच्या दगडांइतकाच काढ्यांचा विचारही या भूमीत झाला होता.

पुढे निजामी आली आणि वैद्यांच्या शेजारी हकीम बसले. १९४८च्या सप्टेंबरापर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. त्यामुळे युनानी औषधे आम्हांला परकी कधीच वाटली नाहीत. खोकल्यावर हकीम जोशांदा देत. त्यात ज्येष्ठमध असे, आणि ‘सपिस्ताँ’ही. हे सपिस्ताँ म्हणजे कोण? तर आपले भोकर! ज्या फळाचे आपण लोणचे घालतो, त्याच्याच चिकट गराचा चाटणासारखा ‘लऊक’ करून हकीम छाती मोकळी करू पाहत. ज्येष्ठमधाने तर वैद्याकडे आणि हकिमाकडे सारखीच चाकरी केली. औषधी मुळांना दरबाराची भाषा बदलल्याचे कळत नसावे.

पण या कथेचा खरा नायक अडुळसा. शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावायचा. माझी आजी त्याची पिकली पाने तव्यावर शेकून रस पिळायची आणि मधातून चाटवायची. (गरोदर बाईला मात्र अडुळसा देऊ नये, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध.) याच पानांतून डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने १८८८ साली ‘व्हॅसिसीन’ हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या रचनेवरून बेतलेले ब्रोमहेक्सिन १९६३ साली जर्मनीत बाजारात आले. ते शरीरात गेल्यावर जे तयार होते, त्यातलेच एक म्हणजे ॲम्ब्रॉक्सॉल. म्हणजे परभणीच्या औषधाच्या दुकानात कफ पातळ करणारी जी बाटली आपण पैसे मोजून घेतो, तिची आजी मागच्या कुंपणात फुकट उभी असते.

आता रोकडा प्रश्न: यांतल्या कशाने खोकला लवकर जातो? अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली हिशेब मांडला. लोकांना वाटते, खोकला सात ते नऊ दिवसांत थांबावा. प्रत्यक्षात तो सरासरी अठरा दिवस चालतो. सर्दीच्या विषाणूंनी श्वासनळीचे अस्तर सोललेले असते. ते भरून येईपर्यंत गार वाऱ्याची झुळूकही तिला सोसत नाही. प्रतिजैविकांचा विषाणूंपुढे इलाज चालत नाही. तेव्हा काढा, वाफ, कोमट पाणी, हळदीचे दूध यांचे मोठे काम एकच: घसा निववणे आणि दिवस काढणे. आजीला आकडा ठाऊक नव्हता, पण दिवस काढण्याची विद्या तिच्याजवळ होती.

ती विद्या विसरलो की उतावळेपणा नडतो. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. साधा खोकला, चमचाभर गोड औषध, आणि घरातला दिवा विझला. लहान मुलाच्या तोंडी डॉक्टरला विचारल्यावाचून बाटली लावू नये, एवढे तरी या दिवाळीत प्रत्येक घराने ठरवावे.

पण धीरालाही हद्द हवी, आणि इथे तो पाचवा प्रकार येतो. आजीचा धाकटा भाऊ सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला होता. खोकला कापसाच्या धुळीचा, असे म्हणत वर्ष गेले. थुंकीत रक्त दिसले तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. त्याला कुणी दोष दिला नाही, आणि देऊही नये. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवला होता खरा, पण त्या जंतूवर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती लागले १९४३ साली. भाऊ त्याच्या आधीच गेला. रोग लवकर कळून तरी काय करायचे होते?

आज ते उत्तर पालटले आहे. मद्रासेत १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगांनी सिद्ध केले की क्षयाचा रोगी आरोग्यधामात न जाता घरी राहून, औषधे घेऊन तितकाच बरा होतो. आता थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून नियम असा आहे की खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घ्यावी. ताप राहिला, वजन घटले, रक्त दिसले किंवा धाप लागली, तर तेवढेही थांबू नये. अठरा दिवसांचा साधा खोकलाही या नियमात सापडेल आणि एखादी फेरी फुकट जाईल. जाऊ द्या! आजीच्या भावाला ती फेरी मारण्याची सोय नव्हती.

तेव्हा काढा उकळा, भोकराचे लोणचे जेवणात चवीला घ्या, पाहुण्याला चार दिवस सांभाळूनही घ्या. फक्त तो आला ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा, आणि चौदावा दिवस उलटला की त्याला त्याचे नाव-गाव विचारायला दवाखान्यात घेऊन जा.