भारत पेट्रोलियम (छत्रपती संभाजीनगर)

बर्मा-शेलच्या राष्ट्रीयीकरणातून (१९७६) घडलेली सरकारी तेल कंपनी. शहरात ती भेटते पेट्रोल पंपावर आणि जिन्यावर खणखणत चढणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून. मुंबईतील माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून इंधन नळवाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडी आगारात येते, तिथून टँकरने मराठवाड्यात. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप करताच इथल्या पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. नळवाहिनीच्या उगमाशी मात्र वेगळेच दुखणे आहे. टाकी भरून निघणाऱ्याला माहुलचा उग्र वास येत नाही, म्हणून त्याची नोंद इथे हवीच. माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये हवाप्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली; त्यात भारत पेट्रोलियमचा वाटा ६७.५ कोटी.