व्ही. शांताराम: क्रमवारी आणि उत्तरकाळ

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांची क्रमवारी लावताना बहुतेक जण 'पिंजरा'पासून आरंभ करतात. हा धागा पस्तीस वर्षे मागे, १९३७ मध्ये सुरू होतो.

पहिला क्रमांक 'कुंकू'चा. त्याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा प्रभातचा चित्रपट. फसवून वृद्धाशी लग्न लावून दिलेली नीरा (शांता आपटे) नशिबाला दोष देत बसत नाही. ती त्याला पती मानायलाच नकार देते. आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब खलपुरुष नाहीत. त्यांचे अपराधीपण हळूहळू जागे होताना दिसते, म्हणूनच शेवट जिव्हारी लागतो. वेगळे पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे वाजते, तेवढेच आपल्याला ऐकू येते. त्या काळी हे धाडसच होते. (नीरेच्या सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, संततिनियमनासाठी झटणाऱ्या त्याच.)

दुसरा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली कथा, लेखणी गदिमांची. १९५८ मध्ये बर्लिनला या चित्रपटाने रौप्य अस्वल पटकावले.

तिसरा 'माणूस' (१९३९), चौथा 'शेजारी' (१९४१). 'शेजारी'च्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मझहर खान हिंदू झाले आणि गजानन जागीरदार मुसलमान. तेवढ्या एका निवडीत चित्रपटाचा सारा आशय आला.

आता वादाचा मुद्दा. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि राजकमल कलामंदिर उभारले. प्रभात ही भागीदारांची कंपनी होती: दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी. ध्वनी दामल्यांचा, कलादिग्दर्शन फत्तेलालांचे. राजकमलमध्ये निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, कित्येकदा नायकही तेच. 'हे नको' म्हणणारे बरोबरीचे कोणी उरले नाही, असे माझे मत आहे. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'नवरंग' (१९५९) यांतील रंग नि नृत्ये आजही दिपवतात. कथा मात्र नृत्यांच्या मधली जागा भरण्यापुरतीच येते. 'दो आँखें' याच काळातला असूनही सावरला, कारण तिथे रंगांचा मोह नव्हता आणि संहिता भक्कम होती.

मग 'पिंजरा' (१९७२)? राम कदमांचे संगीत, खेबुडकरांची गीते, निळू फुले, आणि डॉ. श्रीराम लागूंचा पडद्यावरचा उदय. आदर्श शिक्षकावर स्वतःच्याच खुनाचा आरोप यावा, ही कल्पना विलक्षण आहे. मूळ आराखडा 'द ब्ल्यू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाचा असला, तरी तो अस्सल मराठी मातीत रुजला आहे. तरीही मी त्याला पाचव्याच्या वर नेणार नाही. 'माणूस'मध्ये शिपाई गणपत कोठ्यावरच्या मैनेत माणूस शोधतो. देवदासी हताशपणाला ते शांतारामांचे उत्तर होते. तेहतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाला तमाशातील स्त्री आधी मोह म्हणून दिसते, तिचे माणूसपण मागाहून येते. संध्या यांनी भूमिकेत जीव ओतला आहे. दोष दृष्टीचा आहे.

'झंझार' (१९८७) मी क्रमवारीत धरलेला नाही. चित्रपतींनी तेव्हा वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती, फाळके पुरस्कारही मिळून गेला होता.

मतभेद असतील तर 'माणूस' आणि 'पिंजरा' लागोपाठ पाहा, याच क्रमाने, आणि मग भांडायला या.