ध्वनिसंकेताची पातळी : दोष आणि गुण

कोल्हापूर येथे १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट प्रदर्शित केला. त्याचे ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांनी केले. पार्श्वगायनाचा आरंभ १९३५ साली व्हावयाचा होता; तोपर्यंत नटाने गावे आणि त्याच क्षणी ते मुद्रित व्हावे, अशीच रीत होती. गोविंदराव टेंबे वा दुर्गाबाई खोटे यांचा स्वर मुद्रणाच्या वेळी प्रमाणाबाहेर चढला, तर मागाहून तो सुधारणे दुरापास्त असे.

चित्रफितीवरील ध्वनिपट्टिका म्हणजे रजतकणांत उमटलेली प्रकाशाची नोंद होय. संकेत क्षीण असल्यास त्या कणांचीच खरखर त्यास झाकून टाकी. अतिप्रबळ असल्यास तरंगांचे माथे कापले जाऊन स्वर फाटे. या दोन मर्यादांमधील अरुंद वाटेने गायकाचा आवाज सुखरूप नेणे, हेच मुद्रकाचे कसब. विकृती हा तेथे निखालस दोष होता.

हाच प्रश्न पुढे विद्युत्-संगीतात निराळ्या रूपाने उभा राहिला. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमधील स्वरगाळणीस १९६९ साली पेटंट मिळाले. त्याच वर्षी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्रणा उभारली, व गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तीवर रचना केल्या.

या गाळणीत ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेल्या असतात. ठरविलेल्या कंपनसंख्येच्या वरील अंश ती दर सप्तकास सुमारे २४ डेसिबल या प्रमाणात क्षीण करते. परंतु अशी जोडी काही थोड्या मिलिव्होल्टांपुरतीच संकेताशी इमान राखते, आणि यंत्राच्या अन्य भागांतून येणारा संकेत तर व्होल्टाच्या घरातील असतो. सबब त्यास प्रवेशापूर्वी घटवून बाहेर पडताना पुन्हा वाढवावे लागते. फार घटविल्यास वाढविताना खरखरही वाढते. कमी घटविल्यास तरंगांचे माथे हळुवार गोलावतात आणि मुळात नसलेले उपस्वर उमटतात.

पुष्कळ वादकांना हा गोलावाच रुचला. ते संकेत मुद्दाम प्रबळ करून गाळणीत सोडू लागले, व बोलपटाच्या मुद्रकाने कटाक्षाने टाळलेली विकृती मूगच्या भरदार ध्वनीची ओळख ठरली.

यात विपरीत असे काही नाही. कोल्हापूरनजीकच्या मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी बुद्ध्याच अशी साधतात, की घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकविताच उपस्वरांची दाटी व्हावी. तिला कोणी विकृती म्हणत नाही. दुसऱ्याचा स्वर जतन करणे हे ज्या यंत्राचे कार्य, त्याने त्यात भर घालणे हा अपराध. स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याचे मात्र तेच व्यक्तित्व. ध्वनियंत्रांचा इतिहास लिहिणाराने यंत्राचे कार्य प्रथम निश्चित करावे आणि मगच ‘दोष’ हा शब्द योजावा, हे उचित होय.