ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता : इंजेक्शन व गोळ्यांद्वारे उपचार

ब-१२ जीवनसत्त्वाची (कोबालामिन) कमतरता हा रक्तनिर्मिती व मज्जासंस्था या दोहोंना बाधणारा विकार आहे. थकवा, धाप, जीभ लाल व गुळगुळीत होणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे आणि विस्मरण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रक्तातील दोष उपचाराने भरून निघतो. मज्जातंतूंची हानी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास काही वेळा कायमची ठरते. उपचार इंजेक्शनने करावा की गोळ्यांनी, हे मुख्यतः कमतरतेच्या कारणावर अवलंबून असते.

कारणे व शोषण

जठरात स्रवणाऱ्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ या प्रथिनाशी संयोग झाल्यावर हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. या मार्गाने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषण होते. प्रौढाची रोजची गरजही साधारण तेवढीच असते. याशिवाय घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का भाग त्या प्रथिनाच्या मदतीवाचून रक्तात जातो. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा उपचार या एक टक्क्यावरच उभा आहे. यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असल्याने कमतरता सावकाश उघड होते.

मासळी, मांस, अंडी व दूध हे याचे नैसर्गिक स्रोत होत. पनवेल-उरण पट्ट्यात सहज मिळणारे बांगडा आणि तारली हे मासे या दृष्टीने विशेष समृद्ध आहेत. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये किंवा आंबवलेले पीठ यांतून ते मिळते हा समज मात्र निराधार आहे. आहाराखेरीज पर्निशियस ॲनिमिया, जठराची वा आतड्याची शस्त्रक्रिया, तसेच मेटफॉर्मिन व आम्लरोधक औषधांचा दीर्घ वापर यांमुळेही कमतरता उद्भवते.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली (२००६). त्यांतील ६७ टक्के पुरुषांत ब-१२ची पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. खेड्यांपेक्षा सुस्थितीतील शहरवासीयांत कमतरता अधिक असावी, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. पुढे पुणे परिसरातील ग्रामीण कुटुंबांवर झालेल्या चाचणीत (२०१०) रोज २ किंवा १० मायक्रोग्रॅम ब-१२ तोंडावाटे दिल्यावर वर्षभरात रक्तातील पातळी सुधारली आणि होमोसिस्टीन घटले. म्हणजे येथील बहुसंख्यांचे आतडे शोषण करू शकते, उणीव ताटातच आहे, असा अर्थ यातून निघतो.

उपचार

मुंग्या, बधिरता वा तोल जाणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे असल्यास, रक्तक्षय तीव्र असल्यास किंवा शोषणच होत नसल्यास प्रथम इंजेक्शन देतात. ब्रिटनमधील रूढ पद्धतीत हायड्रॉक्सोकोबालामिनचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, स्नायूत दिले जाते. शोषणदोष कायमचा असल्यास पुढे दर दोन-तीन महिन्यांनी आजन्म ते चालू राहते. मज्जासंस्था बाधित असल्यास सुरुवातीचा क्रम अधिक लांबतो. भारतात मिथिलकोबालामिन व सायनोकोबालामिन ही रूपेही वापरात आहेत.

केवळ आहारजन्य कमतरतेत गोळ्या बहुधा पुरतात. शोषणदोष असतानाही रोज १,००० ते २,००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांनी पातळी वाढू शकते. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत रोजच्या २,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीने इंजेक्शनइतकाच गुण आला. ‘सुई टोचल्याशिवाय गुण नाही’ ही आपल्याकडील समजूत येथे सरसकट लागू पडत नाही. गोळ्यांची खरी अडचण वेगळी आहे. काही आठवड्यांत हुशारी वाटू लागते आणि गोळी सुटते. शाकाहार तोच राहिला असल्यास कमतरता परतते.

फॉलिक आम्लाविषयी सावधगिरी

ब-१२ची तपासणी न करता केवळ फॉलिक आम्ल घेणे धोक्याचे असते. त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. या दोन घटकांच्या अभावी होणारा रक्तक्षय सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. ल्युसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा असा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ साली दाखवून दिले. तो गुण फोलेटचा होता, हे नंतर स्पष्ट झाले. ब-१२ स्वतंत्रपणे वेगळे करण्यास १९४८ साल उजाडले.