सूर्यतेलाची कैफियत

युरोपातील उच्चकुलीन स्त्रियांनी कित्येक शतके ज्या उन्हापासून छत्र्या, हातमोजे आणि रुंद काठाच्या टोप्या यांच्या आश्रयाने आपली कांती जपली, त्याच उन्हात पुढे त्यांच्या नाती अंगाला तेल माखून तासन्‌तास पडून राहू लागल्या. आणि रूढीची इतकी संपूर्ण उलथापालथ इतक्या अल्प अवधीत झाल्याचे दाखले प्रसाधनांच्या इतिहासात फारसे आढळत नाहीत. कारण शोधण्यास लांब जावयास नको. कष्टकरी वर्ग शेतात राबत होता तोवर गोरेपणा हे फुरसतीचे चिन्ह होते. तो गिरण्यांच्या आणि खाणींच्या अंधारात गेला, आणि समुद्रकाठी जाऊन रापून येण्याची ऐपत हीच प्रतिष्ठेची खूण ठरली. वैद्यकशास्त्रानेही या नव्या हौसेला आपली सनद दिली. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार योजणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझँ येथे ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना क्रमाक्रमाने उन्हात ठेवून बरे करण्याचे चिकित्सालय उघडले. ऊन हे औषध, असे एकदा डॉक्टरांनी म्हटल्यावर ते विकण्यास व्यापारी पुढे सरसावले नसते तरच नवल!

पॅरिसचे वेषकार झाँ पातू यांनी १९२७ साली ‘युइल द शाल्दे’ या नावाचे सुगंधी सूर्यतेल बाजारात आणले. ते धनिकांसाठी होते. सूर्यतेल सर्वसामान्यांच्या हाती पोचले ते १९३५-३६ च्या सुमारास, केसांच्या रंगावर गडगंज झालेले रसायनज्ञ युजेन श्युलेर यांच्या ‘आंब्र सोलेर’मुळे, आणि योगायोग असा की, १९३६ सालीच फ्रान्समधील लोकपक्षीय आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मंजूर केली, त्यामुळे ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यापासून आगगाड्या भरभरून किनाऱ्याकडे निघाली.

या तेलाच्या घटकांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तीच आहे. रापवणारे तेल आणि उन्हापासून वाचवणारे मलम या दोन परस्परविरोधी वस्तू आहेत असे आज आपण समजतो. परंतु जन्मतः ती एकच वस्तू होती. १९२२ साली हाउसर आणि फाले या जर्मन संशोधकांनी असे दाखवून दिले होते की, त्वचा भाजते ती सूर्याच्या उष्णतेने नव्हे, तर सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांनी. श्युलेर यांच्या तेलात बेंझिल सॅलिसिलेट हे द्रव्य होते, आणि ते या आखूड किरणांपैकी बराच अंश शोषून घेई. त्याहून लांब, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या अतिनील किरणांना मात्र त्याची जवळजवळ संपूर्ण मुभा होती. भाजणाऱ्या किरणांना मज्जाव आणि रापवणाऱ्या किरणांना परवाना, ही त्या काळच्या रसायनज्ञांची अभिमानाची गोष्ट होती, आणि गिऱ्हाइकालाही नेमके तेच हवे होते.

ज्या तेलांत असे शोषक द्रव्य नव्हते, त्यांची कथा निराळी. खनिज तेल असो वा खोबरेल, त्याची स्वतःची रोधनशक्ती नगण्य असते. उलट, कागदावर तेलाचा थेंब पडला असता तो जसा पारदर्शक होतो, तद्वत त्वचेचा कोरडा, खवल्यांचा वरचा थर तेलाने पारदर्शक होऊन प्रकाश अधिक खोल शिरतो. त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिसच्या चट्ट्यांवर किरणोपचारापूर्वी तेल चोपडतात ते याच गुणासाठी. अमेरिकेतील तरुणी पन्नाशी-साठीच्या दशकांत लहान मुलांच्या तेलात टिंक्चर आयोडिनचे थेंब मिसळून ते अंगाला लावीत, तेव्हा आयोडिन केवळ कातडी रंगवी आणि तेल तिला भाजून काढण्यास साहाय्य करी, हे त्यांना कोणी सांगितले नसावे. आपल्या कोकणपट्टीत खोबरेल पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लागत आले, पण ते ऊन अडविते असा दावा कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

संरक्षणाची शाखा वाढली ती मात्र युद्धात आणि हिमशिखरांवर. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या अमेरिकी वैमानिकांसाठी गुरांच्या औषधोपचारात वापरले जाणारे तांबडे पेट्रोलियम मलम दिले जाई. चिकट, लालसर, अंगावर पाहवणार नाही असे. कोको बटर आणि खोबरेल यांच्या साहाय्याने ‘कॉपरटोन’ हे मलम १९४४ मध्ये अवतरले, त्यात सौंदर्याची काळजी अधिक होती. तिकडे आल्प्समध्ये, १९३८ साली पिझ बुइन शिखर चढताना फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियन विद्यार्थी चांगलाच भाजला, आणि आठ वर्षांनी त्याने आपले हिमनदी-मलम सिद्ध केले. रक्षणाचे मापन करणारा आकडा, जो आज प्रत्येक नळीवर छापलेला असतो, तो जर्मन संशोधक शुल्झे यांनी १९५६ मध्ये सुचविलेल्या पद्धतीवरून ग्रायटर यांनी १९७४ मध्ये रूढ केला. आकडा २ असेल तर भाजणाऱ्या किरणांपैकी निम्मे अडतात, १५ असेल तर सुमारे ९३ टक्के, ३० असेल तर ९७. रापवणाऱ्या तेलांचा आकडा दोन-चारच्या घरात, रक्षक मलमांचा पंधराच्या वर. द्रव्ये बहुतांशी तीच, फरक प्रमाणाचा. (पाबा नावाचे एक शोषक द्रव्य मध्यंतरी फार गाजले, परंतु ते सुती कपड्यांवर पिवळे डाग पाडी आणि कित्येकांना खाज आणी, म्हणून पुढे त्याचा अभाव हीच जाहिरात झाली.)

आता त्या तेलाची कथा, ज्याने हा तोल जाणूनबुजून दुसऱ्या बाजूस झुकविला. इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतातील बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेल कोलोनजलात वापरले जाते. ते लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर तपकिरी ओघळ उमटतात, हे डॉक्टरांना पहिल्या महायुद्धाच्या काळातच आढळले होते. दोष त्यातील बर्गाप्टेनचा, जे सोरालेन कुळातले आहे. या कुळाचे नाव ज्या वनस्पतीवरून पडले तिचे बी आपले वैद्य बावची म्हणून ओळखतात. श्वित्राच्या पांढऱ्या डागांवर तिचा लेप लावून रोग्याला उन्हात बसविण्याची वहिवाट आयुर्वेदात फार जुनी आहे. कैरोच्या एल मोफ्ती यांनी १९४७-४८ च्या सुमारास त्याच कुळातील द्रव्याने तसेच उपचार केले. जे औषध वैद्याच्या देखरेखीखाली मोजून द्यावयाचे, ते फ्रान्समधील काही कारखानदारांनी सत्तरच्या दशकात सूर्यतेलात घालून सरसकट विकावयास काढले, आणि लवकर रापलेली त्वचा पुढे स्वतःच रक्षण करते असा युक्तिवादही मांडला. बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी येथील रुग्णांच्या पाहणीत अशा तेलांच्या वापराशी त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाचा संबंध दिसून आला. १९९५ मध्ये युरोपीय आयोगाने अशा द्रव्यांचे प्रमाण दहा लाख भागांत एक भागाहून कमी असावे असे ठरवून हा धंदा बंद पाडला. बर्गमॉटचा वास हवा असल्यास बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल मिळते.

आपल्याकडे या वादाला वेगळेच वळण लागले. १९७५ पासून भारतात खपणाऱ्या गोरेपणाच्या मलमांत नियासिनामाइडच्या जोडीला ऊनशोषक द्रव्येच होती. म्हणजे फ्रान्समध्ये रापवणाऱ्या तेलात घातलेल्या ऊनशोषक द्रव्यांसारखीच द्रव्ये इथे न रापण्यासाठी विकली गेली, आणि कोणालाही त्यात विसंगती दिसली नाही. मागणी भिन्न असेल तर रसायनाला तक्रार नसते.

ज्या लांब किरणांना श्युलेर यांच्या तेलाने परवाना दिला होता, तेही त्वचेला सुरकुत्या पाडतात आणि खोलवर इजा करतात, असे सत्तरीनंतर सिद्ध होत गेले. त्यांना अडविणारे अॅव्होबेंझोन युरोपात १९७८ च्या सुमारास आले, अमेरिकेत त्यानंतर. जस्ताचे ऑक्साइड, जे ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंच्या नाकावर पांढऱ्या पट्ट्याच्या रूपाने आपण पाहिले, ते दोन्ही प्रकारच्या किरणांना आवरते. १९९९ साली अमेरिकी सरकारने नियम काढला की, ज्या रापविण्याच्या तेलात ऊनशोषक द्रव्य नाही, त्याच्या बाटलीवर तशी सूचना छापलीच पाहिजे, आणि असुरक्षित त्वचा वारंवार उन्हात ठेवल्याने, जरी ती भाजली नाही तरीसुद्धा, त्वचेचे वार्धक्य व कर्करोग यांचा धोका वाढू शकतो, असेही त्यात लिहिले पाहिजे. ‘भाजली नाही तरीसुद्धा’ या तीन शब्दांनी श्युलेर यांचा तो मूळ परवाना रद्द झाला.