अठ्ठाविसावी खेळी : चेन्नईतील एका डावाचे वाचन

बुद्धिबळाच्या डावाची नोंद ही एक संहिता असते. नाटकाचा प्रयोग संपल्यावर संहिता मागे उरते, तशी खेळाडू पटावरून उठून गेल्यानंतर खेळ्यांची यादी मागे उरते आणि तिचे पुन्हा पुन्हा वाचन होऊ शकते. भारताला या खेळाची परंपरा जुनी आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यात जन्मलेल्या आणि काशीत ग्रंथरचना करणाऱ्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकातील आपल्या ‘नीतिमयूख’ या ग्रंथात बुद्धिबळाच्या खेळालाही स्थान दिले, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात येते. मात्र त्या काळी वाड्यांतून आणि दरबारांतून रंगलेले डाव खेळणाऱ्यांबरोबरच लोपले. आधुनिक स्पर्धेत प्रत्येक खेळी लिहून ठेवावी लागते. त्यामुळेच निकालाने दिलेला निवाडा नंतरच्या वाचकाला तपासून पाहता येतो. विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यात २१ नोव्हेंबर २०१३ रोजी चेन्नईत झालेल्या डावाच्या बाबतीत अशी तपासणी विशेष आवश्यक आहे. कारण लोकस्मृतीत तो एका चुकीपुरताच उरला आहे.

गिंडीकडून उत्तरेस शहराच्या मध्याकडे जाणारा जुना माउंट रोड, म्हणजे आजचा अण्णा सलाई. त्याच मार्गावर तेनाम्पेट येथील हयात रीजन्सी हॉटेलात जगज्जेतेपदाची ही लढत झाली. आनंदचे बालपणीचे बुद्धिबळ याच नगरीत घडले होते. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल आरन यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात सुरू झालेल्या ताल चेस क्लबात तो लहानपणी खेळला. १९८८ मध्ये तो देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि २००७ पासून जगज्जेतेपद अखंड त्याच्याकडे होते. क्रामनिक, टोपालोव्ह आणि गेलफांड यांनी दिलेली आव्हाने त्याने परतवून लावली होती. आता स्वतःच्या गावी त्रेचाळीस वर्षांच्या या जगज्जेत्यासमोर वयाची तेवीस वर्षेही पूर्ण न केलेला नॉर्वेचा तरुण बसला होता. बारा डावांपैकी आठ संपले होते. पाचवा आणि सहावा डाव कार्लसनने जिंकला होता, उरलेले सहा बरोबरीत सुटले होते. ५-३ अशा पिछाडीवर असलेल्या आनंदला नवव्या डावात विजय हवाच होता.

या निकडीची खूण पहिल्याच खेळीत दिसते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना या लढतीत प्रत्येक वेळी राजापुढचे प्यादे सरकवणाऱ्या आनंदने येथे प्रथमच वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. कार्लसनने निम्झो-इंडियन बचाव स्वीकारला. चौथ्या खेळीला आनंदने एफ-स्तंभातील प्यादे एक घर पुढे केले, आणि आठव्या खेळीला कार्लसनने आपले प्यादे सी४ वर नेऊन वजिराच्या बाजूचा मार्ग बंद केला. येथेच डावाचा आशय ठरून गेला. पांढऱ्याने राजावर चालून जायचे आणि काळ्याने दुसऱ्या बाजूने प्यादे पुढे रेटायचे, अशी ही शर्यत होती. दोघांनाही परतीची वाट नव्हती.

नोंद बारकाईने वाचली तर या शर्यतीला एक विलक्षण लय असल्याचे आढळते. एकोणिसाव्या खेळीला पांढरे प्यादे एफ४ वर गेले. त्याच क्रमांकाच्या खेळीला काळे प्यादे बी४ वर आले. बाविसाव्या खेळीला एफ५, आणि उत्तरादाखल बी३. चोविसाव्या खेळीला पांढरे प्यादे एफ६ वर पोहोचून काळ्या राजाच्या किल्लेकोटात पाचरीसारखे रुतले. सव्विसाव्या खेळीला आनंदचा वजीर एच६ वर जाऊन बसला आणि काळे प्यादे बी२ वर आले. त्या क्षणी दोन्ही बाजूंचे बळ मोजून समान होते. पुढच्या खेळीला आनंदने हत्ती एफ४ वर घेतला. त्याचा हेतू उघड होता : हत्ती एच४ वर न्यायचा आणि वजिराने एच७ वर मात करायची. कार्लसनने बी१ वर प्याद्याचा वजीर केला आणि पांढऱ्या राजाला शह दिला.

अठ्ठाविसावी खेळी येथे येते. शह अडवायला एफ१ या घरात उंट आणता आला असता किंवा घोडा. आनंदने फारसा वेळ न घेता घोडा आणला. कार्लसनने नवा वजीर ई१ वर ठेवला आणि आनंदने डाव सोडला. घोडा जी३ या घरातून हलताच ई१ पासून एच४ पर्यंतची तिरकी रेघ मोकळी झाली होती. हत्ती एच४ वर गेला असता तर काळ्या वजिराने तो मारला असता; त्या वजिराला मारूनही पांढरा एका हत्तीने मागेच राहिला असता आणि हल्ला संपला असता. याउलट उंट एफ१ वर आला असता तर जी३ वरील घोड्याने ती रेघ अडवून धरली असती. मग काळ्याला डी१ मार्गे एच५ वर वजिराचे बलिदान देऊनच मात टाळता आली असती आणि झुंज पुढे चालू राहिली असती. डावानंतर आनंदने ही चूक आडपडदा न ठेवता मान्य केली.

‘घोडचूक’ या शब्दाने या डावाचे वर्णन संपवणारी टीका वस्तुस्थितीला धरून असली, तरी अपुरी आहे. शेवटच्या खेळीवरून संपूर्ण रचनेची किंमत करणे म्हणजे पाचव्या अंकातील मृत्यूवरून नायकाच्या चार अंकांतील कर्तृत्वाचा निकाल लावणे होय. मागची सत्तावीस खेळ्यांची रचना सुसंगत आणि धाडसी आहे. बरोबरीवर समाधान मानण्याची सवलत नसलेल्या जगज्जेत्याने स्वीकारता येण्याजोगा तोच मार्ग होता. चूक हेतूत नव्हती, मांडणीतही नव्हती. ती एका रेषेच्या विस्मरणात होती. कार्लसनचे श्रेयही या वाचनाने कमी होत नाही. राजावर चालून येणारा हल्ला दिसत असताना बी-स्तंभातील प्यादे थांबू न देणे यात हिशोब होता आणि धैर्यही होते. आनंदला उत्तर शोधायला भाग पाडणारा तो शह याच धैर्याचे फळ होता. दुसऱ्या दिवशी दहावा डाव बरोबरीत सुटला आणि ६.५-३.५ अशा फरकाने जगज्जेतेपद नॉर्वेला गेले.

लढत पाहायला आलेल्या प्रेक्षकांत चेन्नईचाच सात वर्षांचा एक मुलगा होता, डी. गुकेश. काचेपलीकडे बसलेल्या खेळाडूंना पाहताना आपणही तेथे बसावे असे वाटल्याचे त्याने पुढे सांगितले. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये चीनच्या डिंग लिरेनला हरवून अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. चौदाव्या आणि अखेरच्या त्या डावात बरोबरीकडे झुकलेल्या स्थितीत डिंगने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती एफ२ वर नेला. त्यामुळे हत्तींची आणि पाठोपाठ उंटांची अदलाबदल अटळ झाली, आणि उरलेला प्याद्यांचा अंत्यखेळ काळ्याने जिंकला. अकरा वर्षांच्या अंतराने जगज्जेतेपदाच्या दोन डावांचे निकाल असे एकेका खेळीने ठरले. एकदा त्याची किंमत चेन्नईच्या खेळाडूने मोजली, एकदा त्याचे फळ चेन्नईच्याच खेळाडूच्या पदरी पडले.

या दोन्ही डावांना एकच माप लावले पाहिजे. डिंगच्या चुकीमागे गुकेशने तासन्‌तास टिकवून धरलेला दबाव पाहणाऱ्या वाचकाने आनंदच्या घोड्यामागच्या सत्तावीस खेळ्याही पाहाव्यात. निकालपत्रकात त्या डावापुढे पांढऱ्याला शून्य गुण आहे आणि तो बदलणार नाही. संहिता मात्र पहिल्या खेळीपासून वाचायची असते.